लोकांसमोर दचकायला होतं म्हणून माणसांत जाणंच टाळतोय, काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही २७ वर्षांचे, राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहता, पतसंस्थेत काउंटरवर बसता. लहानपणापासून इतरांपेक्षा जास्त दचकता. मागून हाक आली, शटर पडलं, कोणी फटाका लावला की अंग उडतं आणि तोंडातून आवाज निघतो. वाडीतल्या पोरांना हे ठाऊक आहे, त्यामुळे ती मुद्दाम करतात. मागच्या वर्षी एका खातेदाराने काचेवर नाणं आपटलं, तुम्ही किंचाळलात, सगळं ऑफिस हसलं, आणि तेव्हापासून बिघडत गेलं. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा तुम्ही मागच्या पडवीत बसून राहिलात. आता गणपती तोंडावर आलेत. मुंबईहून चाकरमानी भावंडं येतील, घरोघर आरत्या होतील, शिवाय तुमच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. आईने दृष्ट काढली, देवऋषाकडून दोरा आणून बांधला. तुमचा प्रश्न असा, की हे दचकणं कायमचं बंद कसं करू, आणि गोळी असेल तर ती कोणती.

मी रत्नागिरी जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. ही तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत असते, तेव्हा सरळ उत्तर आधी देते. दचकणं मुळापासून बंद करणारी गोळी नाही, तसा व्यायामही नाही. पण तुम्ही जे जे गमावल्याचं लिहिलंय, म्हणजे पालखी, भावंडांबरोबरच्या गप्पा, काउंटरवरची सहजता, ते दचकण्याने नेलेलं नाही. दचकणं सेकंदभरात संपतं. बाकीचा दिवस जातो तो ‘आता दचकलो तर लोक काय म्हणतील’ या धास्तीत. उपचार करायचा तो या धास्तीवर, आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. ती उतरली की बऱ्याच जणांचं दचकणंही सौम्य होतं. ते कसं, हे समजून घेण्यासाठी शरीरात काय घडतं ते आधी पाहू.

अचानक मोठा आवाज झाला की कानातून निघालेला संदेश विचार करणाऱ्या मेंदूची वाट बघत थांबत नाही. मेंदूच्या तळाशी, मानेच्या अगदी वर जो देठासारखा भाग आहे, तिथूनच तो स्नायूंकडे वळतो. वाटेत मज्जापेशींचे मोजकेच सांधे लागतात. म्हणून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटतात, पाठोपाठ मान आखडते, खांदे वर येतात, हात कोपरात दुमडतात. आवाज झाला हे तुम्हाला कळेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. जे कळायच्या आधीच घडतं, ते ठरवून रोखता येत नाही. चार्ल्स डार्विनने हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेपलीकडे एक आफ्रिकी साप होता, आपल्या घोणस-फुरशाच्या कुळातला. साप अंगावर आला तरी मागे हटायचं नाही असा पक्का निश्चय करून डार्विनने चेहरा काचेजवळ नेला. सापाने झडप घातली आणि डार्विन झटक्यात यार्ड-दोन यार्ड मागे उडाला. मध्ये काच आहे हे त्याला पुरतं माहीत होतं. आपली इच्छाशक्ती आणि बुद्धी इथे लुळी पडली, असं त्याने १८७२ साली स्पष्ट लिहून ठेवलं. तेव्हा ‘मन घट्ट कर’, ‘पुरुषासारखा पुरुष आणि दचकतोस काय’ असं कोणी म्हणालं, तर ते तुमच्याकडून अशक्य गोष्ट मागतायत एवढं ध्यानात ठेवा. तुमच्यात काही कमी नाही.

यात एक बारीक पण कामाचा फरक आहे. पापण्या, मान, खांदे यांचं उडणं ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. त्यानंतर येतं ते किंचाळणं, हात झाडणं, ‘आई गं’ म्हणणं, मग कानशिलं तापणं, ओशाळून हसणं, समोरच्याची माफी मागत बसणं. हे पुढचे भाग थोडे उशिरा येतात, आणि जितका उशीर तितकी त्यात सवय आणि लाज मिसळलेली असते. पहिल्या भागावर तुमचा ताबा नाही. शेवटच्या भागावर बराच आहे. आपलं सगळं काम तिथे चालणार आहे.

आता धास्ती आणि दचकणं यांचा संबंध. १९५१ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एखाद्या खुणेनंतर विजेचा सौम्य झटका बसतो हे उंदरांना शिकवलं, आणि मग ती खूण समोर असताना मोठा आवाज केला. एरवीपेक्षा उंदीर कितीतरी जोरात उडाले. आवाज तोच होता, भीती नवी होती. पुढे माणसांतही हेच दिसून आलं, झटक्याची धास्ती असताना माणूस जास्त दचकतो, इतकंच काय, अंधारातही उजेडातल्यापेक्षा जास्त दचकतो. भीती मेंदूच्या ज्या केंद्रात उठते, तिथून मेंदूच्या त्या देठाकडे सरळ सूचना जातात आणि दचकण्याचा जोर वाढवून ठेवतात. रात्री शेतात डुकरांच्या राखणीला बसलेला माणूस पान हललं तरी उठून उभा राहतो. तुम्ही दिवसभर, भर माणसांत, तशा राखणीला बसता. कोणाच्या हातात फटाका आहे, शटर कोण ओढणार, मागे कोण उभं आहे. न दचकण्यासाठी जी पहारेदारी तुम्ही करता, तीच तुम्हाला जास्त दचकवते. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या न पाहता मी पुढचं सांगणार नाही. तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर झोपेबद्दल विचारलं असतं, कारण अपुऱ्या झोपेने दचकणं हमखास वाढतं. चहा किती वेळा होतो, एनर्जी ड्रिंक घेता का, हे विचारलं असतं. गेल्या वर्षभरात वजन उतरलंय का, हात थरथरतात का, गरम सहन होत नाही का, बसल्या जागी छाती धडधडते का, हेही. कारण थायरॉईड जास्त चालत असेल तर माणूस असाच बिचकतो, आणि ते एका रक्ततपासणीत कळतं. दारूबद्दल आडपडदा न ठेवता विचारलं असतं. शिमग्यात किंवा हळदीच्या रात्री दोन घोट घेतले की मोकळं वाटतं, पण नशा उतरताना मज्जासंस्था उलट जास्त तडतडते, आणि रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर फारच.

दचकल्यावर अंग लाकडासारखं ताठ होऊन, हात टेकायलाही न मिळता तुम्ही शुद्धीत असताना सरळ कोसळता का, किंवा दचकल्यावर काही क्षण भान हरपतं का, झटके येतात का, हे प्रश्न वेगळे आणि महत्त्वाचे. जन्मापासून असणारा, घराण्यात चालणारा दचकण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, आणि आवाजाने सुरू होणारी एका प्रकारची फिट आहे. दोन्हींसाठी मेंदूविकारतज्ज्ञ लागतो. तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असेल तर त्यांनी माझ्या सल्ल्यावर थांबू नये.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारते. हे लहानपणापासून आहे, की एखाद्या प्रसंगानंतर सुरू झालं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पुराखाली गेलं. अशा प्रसंगातून गेलेल्या काही माणसांना पुढे कितीतरी काळ पत्रा वाजला, पावसाचा जोर वाढला की धडकी भरते, तीच रात्र डोळ्यांपुढे उभी राहते, झोपेत ओरडायला होतं. घरातली मारहाण, रस्त्यावरचा अपघात, समुद्रात होडी उलटणं, यांनंतरही तसं होतं. तिथे दचकणं हे आघातानंतरच्या विकाराचं एक लक्षण असतं. त्याचा उपचार त्या आघातापासून सुरू करावा लागतो, आणि मी खाली सांगते तो क्रम तिथे जसाच्या तसा लावू नये. तुमचं दचकणं जुनं आहे आणि बिघडलं ते सगळे हसल्यानंतर, त्यामुळे तुमच्याबाबतीत मी त्याला सामाजिक भीती धरून चालते आहे.

सामाजिक भीतीचं काम तीन वेळांना चालतं. प्रसंगाच्या आधी मन चित्र रंगवतं: आरतीत दचकेन, सगळे वळून बघतील, भावंडं वर्षभर तेच सांगत बसतील. प्रसंग चालू असताना सगळं लक्ष स्वतःकडे वळतं: चेहरा लाल झालाय का, हात कापतोय का. समोरचा खातेदार काय बोलला ते ऐकूच येत नाही, आणि मग तिथेही गोंधळ होतो. प्रसंगानंतर रात्री अंथरुणात उजळणी सुरू होते, आणि दर उजळणीला लोकांचं हसणं थोडं मोठं होत जातं. दुपारी हसलेले दोघं पहाटेपर्यंत सगळं गाव झालेले असतात.

यात माणूस बचावाच्या युक्त्या शोधतो. तुम्हीच लिहिलंय, की भिंतीला पाठ लावून बसता, कानात इअरफोन ठेवता, खांदे आधीच आवळून धरता, खातेदाराच्या हाताकडे बघत राहता, शटर ओढायच्या वेळी बाथरूमला जाता. त्या घडीला बरं वाटतं. पण ‘काही झालं नाही ते इअरफोनमुळे’ अशी मनाची समजूत होते, आणि इअरफोन नसते तरी काही झालं नसतं हे कळायची संधीच जाते. शिवाय आवळलेले खांदे आणि एकटक नजर लोकांच्या डोळ्यांत दचकण्यापेक्षा जास्त भरते.

लोक खरंच किती बघतात, हेही तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मुलांना मुद्दाम लाजिरवाण्या चित्राचा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या तरी मुलांच्या नजरेत आपण भरलो. प्रत्यक्षात सुमारे पाव मुलांनाच शर्टावर कोण होतं ते सांगता आलं. २००० साली हा अभ्यास छापून आला. दचकणं टी-शर्टपेक्षा ठळक असतं, हे मला मान्य आहे. किंचाळलात तर लोक बघणारच. पण बघणं, क्षणभर हसणं आणि विसरून जाणं, एवढ्यावर बहुतेकांचं ते संपतं. तुमची रात्रभराची उजळणी ते करत नाहीत.

आता काय करायचं. सुरुवात दचकल्यानंतरच्या पाच सेकंदांपासून करा, कारण तिथे सर्वांत लवकर फरक दिसतो. दचकलात की आधी श्वास बाहेर सोडा. आत घ्यायची घाई नको, तो आपोआप येतो. खांदे खाली येऊ द्या. मग एकच छोटं वाक्य, रोज तेच: ‘दचकलो जरा. हां, किती भरायचे म्हणालात?’ आणि हात परत पासबुकावर. माफी नाही, स्पष्टीकरण नाही, स्वतःवर विनोद नाही. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून जिभेवर बसवा. लोक आपल्याकडे बघून ठरवतात की हे किती मोठं आहे. तुम्ही कामाला लागलात की तेही कामाला लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई माझ्याकडे यायच्या. घंटेच्या टोलाला त्यांच्या हातातून खडू उडायचा आणि वर्ग खिदळायचा. त्या वर्षी पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगून टाकलं, ‘मी घंटेला दचकते, तुमच्यातलंही कोणी दचकत असेल, आपण पुढे शिकायचं.’ घंटेला खडू नंतरही कधी कधी उडत होता. बाई शाळेत जायच्या थांबल्या नाहीत आणि बदलीचा अर्ज मागे घेतला.

दुसरं काम लक्ष बाहेर वळवण्याचं. हे आधी सोप्या जागी शिकायचं, आणीबाणीत नाही. संध्याकाळी पाखाडीवरून चालताना कान एकेका आवाजाकडे न्या: कोणाच्या घरी मिक्सर चाललाय, एसटी कुठल्या वळणावर आहे, कुठला पक्षी बोलतोय. धोका शोधायचा नाही, नुसतं ऐकायचं. मग हेच माणसांत करा. खातेदार बोलत असेल तेव्हा त्याने काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत मनात एकदा म्हणा. ‘माझा चेहरा कसा दिसतोय’ हा विचार येईलच. त्याच्याशी भांडू नका, त्या माणसाच्या आवाजाकडे परत या.

तिसरं, आणि खरं अवघड, म्हणजे टाळलेल्या जागी पायरीपायरीने परत जाणं. इथे घाई केलेली चालत नाही आणि चालढकलही. पहिल्याच दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाशेजारी उभे राहू नका. आठवडा बाजारात जाऊन भाव विचारा, इअरफोन खिशात. काउंटरवर खुर्ची थोडी पुढे घ्या, पाठ भिंतीपासून सुटू द्या. शटर पडायच्या वेळी आत थांबा. यातलं एकेक दोन-तीन दिवस करा, नकोसं वाटणं कमी होईपर्यंत तिथेच राहा, मग पुढची पायरी. धास्ती चढली असताना पळालात तर पळणंच शिकाल. जाण्याआधी वहीत एक ओळ लिहा, मला काय होईल असं वाटतं: ‘दचकेन, सगळे हसतील, अर्धा तास माझ्यावरच बोलतील.’ परत आल्यावर खाली लिहा, प्रत्यक्षात काय झालं. माझ्या पेशंटांपैकी जे वही मनापासून ठेवतात, त्यांना बहुतेक वेळा माझ्या समजावण्याची गरज उरत नाही, कारण वरच्या आणि खालच्या ओळीतली तफावत त्यांचीच असते. रात्रीची उजळणीही या वहीतच करा, दहा मिनिटं, आणि वही मिटा.

थोडी मजल मारल्यावर मुद्दाम दचकून बघा. हे ऐकून लोक मला वेड्यात काढतात, पण फार उपयोगाचं आहे. ओळखीच्या दुकानात उभे असताना जाणूनबुजून अंग उडवा, ‘अरे बापरे’ म्हणा, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. तो किती वेळ बघतो? पुढे काय बोलतो? ज्या गोष्टीला तुम्ही वर्षभर भ्यालात ती घडवून आणून तिचा शेवट बघायचा.

गणपतीसाठी एक खास सूचना. आपण स्वतः केलेल्या आवाजाला शरीर फारसं दचकत नाही, कारण तो येणार हे मेंदूला आधीच कळलेलं असतं. म्हणून आपल्या घरच्या आरतीला कोपऱ्यात उभे राहू नका, झांज हातात घ्या. ताल तुम्ही धरलेला असेल, लक्ष शब्दांवर असेल, आणि शेजारच्या झांजा अनपेक्षित राहणार नाहीत. हाही एक प्रकारचा आधारच आहे, त्यामुळे तो कायमचा ठेवू नका. पहिले दोन दिवस घरी झांज वाजवा, मग शेजारच्या घरी, आणि गौरी जाईपर्यंत एक-दोन आरत्या तरी नुसतं टाळ्या वाजवत, माणसांच्या मध्ये उभे राहून करा. जाखडीचा नाच बघायला गेलात तर ढोलकीपासून तुम्हाला सोसेल तेवढ्या अंतरावर उभे राहा आणि अर्ध्यातून उठू नका. सुतळी बाँबचं मात्र वेगळं. तो कानाशी फुटला तर कोणीही दचकेल आणि कानालाही इजा होईल. तिथून लांब राहणं हा शहाणपणा आहे, त्याला टाळाटाळ म्हणायची गरज नाही.

आता मुद्दाम दचकवणाऱ्यांबद्दल. यावर मला कळकळीने बोलायचंय, कारण आपल्या गावांतून हे मजेत खपवलं जातं. मलेशिया आणि इंडोनेशियात ‘लाताह’ नावाचा प्रकार पिढ्यान् पिढ्या नोंदला गेलाय. अति दचकणारी माणसं, आणि त्यांना मुद्दाम दचकवून गंमत बघणारा भोवतालचा समाज. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या लाकूडतोड्यांतही तसंच आढळलं होतं. दोन्हीकडे गोष्ट सारखी आहे: ज्याला दचकवतात तो सतत सावध राहतो, आणि वर सांगितलं तसं, सावध माणूस जास्त दचकतो. पोरं तुम्हाला चिडवतायत एवढंच नाही, ती तुमचा त्रास रोज वाढवतायत. हे थांबायला हवं आणि ते तुम्ही सांगितल्याशिवाय थांबणार नाही. सगळ्यांसमोर चिडून नको, कारण चिडणं हा त्या खेळाचाच भाग होतो. चाकरमानी आले की जो भाऊ सगळ्यांचा म्होरक्या असतो त्याला पहिल्याच संध्याकाळी बाजूला घ्या आणि सांगा, ‘दादा, मला मागून दचकवलंत की मला नंतर दोन-दोन दिवस त्रास होतो. मी यावर उपचार घेतोय. यंदा कोणी करायचं नाही, आणि पोरांना तूच सांग.’ बहुतेक भाऊ ऐकतात, कारण तुम्हाला इतका त्रास होतो हे त्यांना ठाऊकच नसतं. नाही ऐकलं तर काकांना किंवा वाडीतल्या ज्याच्या शब्दाला मान आहे त्याला सांगा. यात कमीपणा नाही. घरच्यांना सांगताना हेही सांगा, की जवळ येताना नावाने हाक मारत या. आपल्याकडे जुनी माणसं खाकरून मग घरात शिरत, तेवढं पुरेसं आहे. सगळ्या घराने दबक्या पावलांनी चालायला लागणं मात्र नको. अति जपण्यानेही राखण चालूच राहते.

गोळ्यांबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय. सामाजिक भीती जास्त असेल, कामावर जाणं तुटत असेल, सोबत उदासी असेल, तर सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम या गटातली औषधं चांगला उपयोग करतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून थांबवायची नसतात. भाषण किंवा मुलाखतीसारख्या एखाद्या प्रसंगाआधी प्रोप्रॅनोलॉल देतात. त्याने छातीची धडधड आणि हाताचा कंप कमी होतो, दचकणं थांबत नाही, आणि दमा असणाऱ्याने ते घेऊ नये. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या गोळ्यांचं नाव तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्या लगेच शांत करतात, म्हणूनच त्यांची सवय लागते, आणि रोज घेऊन अचानक सोडल्या तर दचकणं पूर्वीपेक्षा वाढून परत येतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायला परवानगी नाही. कोणी ओळखीने देत असेल तरी घेऊ नका. सामाजिक भीतीत बोलून आणि सराव करून होणारा उपचार औषधाइतकाच कामाचा आहे, आणि थांबल्यावर त्याचा फायदा जास्त टिकतो. कोणाला कुठला, की दोन्ही, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच ठरतं.

आईच्या दोऱ्यावरून तिच्याशी वाद घालू नका. तिने काळजीपोटी केलंय आणि मनगटातला दोरा उपचाराच्या आड येत नाही. फक्त ‘बाहेरचं’ काढण्यासाठी कोणी मारझोड करणार असेल, उपाशी ठेवणार असेल किंवा डॉक्टरांकडे जाऊ नको म्हणणार असेल, तर तिथे ठाम नाही म्हणा.

लग्नाबाबत माझं मत सांगते, निर्णय तुमचा. मुलगी बघायला जाल तेव्हा पोह्यांच्या बशा येताना दचकू नये म्हणून आटापिटा करू नका. तुम्हा दोघांना निवांत बोलायला मिळेल तेव्हा एका वाक्यात सांगा, की मला आवाजाला दचकायला होतं, लहानपणापासून, आणि माणसांत वावरायची भीती होती त्यावर मी काम करतोय. ज्या घरात हे लपवून लग्न झालं, तिथे नवरा किंवा बायको पुढे कित्येक महिने चोरून जगताना मी पाहिली आहेत. लपवण्याचा ताण दचकण्यापेक्षा फार जड असतो.

मदत जवळ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे आणि तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. मनोरुग्णालय या नावाला बिचकू नका. तिथे भीती, झोप, उदासी यांसाठी येणारी माणसंही असतात. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत मन गेलं, तर त्याच दिवशी लावा, गणपती होऊ दे असं म्हणू नका. पहिल्या भेटीला थायरॉईडची तपासणी करून तिचा कागद न्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या, आणि ती वही न्या. जमलं तर आईलाही बरोबर घेऊन जा. घरात कसं वागायचं, काय टाळायचं, हे तिने डॉक्टरांकडून प्रत्यक्ष ऐकलं तर तुम्हाला घरी पुन्हा पुन्हा समजावत बसावं लागणार नाही.